टाकेमावशींची खिडकी

टाकेमावशींची खिडकी ऐन चौकाच्या तोंडावर होती. गल्ली जुनी. फरशीचे दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेले, आणि घरं इतकी समोरासमोर, की एकीने कांदा चिरला तर दुसरीच्या डोळ्यांना पाणी यावं. मावशी खिडकीशी मशीन लावून शिवत बसायच्या. कुणाची चेन बिघडली, कुणाची शिवण उसवली, सगळं त्यांच्याकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा वेगळ्याच.

"ताई, तुझी सुई थांबेल, पण जीभ थांबायची नाही," भट्टीदादा समोरून ओरडायचा, आणि मावशी त्याच्यावर रिकामं रीळ भिरकावायच्या.

भट्टीदादाची बेकरी समोरच. माणूस सख्ख्या भावाहून जवळचा. मावशींचा नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि त्याची काही खबरबात येईना, तेव्हा भट्टी बंद ठेवून दादाच त्यांच्याबरोबर त्या लांबच्या बंदरावर गेला होता. नवरा सापडला. बाजारात टरबूज निवडत होता. खांद्यावर लहान मुलगी, शेजारी तिची आई. मावशी हाकही न मारता मागे फिरल्या.

परतीच्या गाडीत दादाच म्हणाला होता, "बुडाला म्हणून सांग. बुडालेल्याबद्दल कुणी खोदून विचारत नाही. आणि माझ्या पोटातून हे बाहेर यायचं नाही."

वीस वर्षं आलंही नाही.

पुढे जुनं शहर बघायला लांबून लोक येऊ लागले आणि गल्लीचं नशीब फळफळलं. दादा मुळातच गोष्टीवेल्हाळ. दर रविवारी तो पाहुण्यांचा घोळका घेऊन गल्ली दाखवायचा आणि शेवटी सगळ्यांना आपल्या बेकरीत बसवायचा. शेजारीपाजारीही कामाला लागले. कुणी दारं घासली, कुणी कंदील टांगले. एकदा तर सगळे मिळून मावशींकडे आले. त्यांची खिडकी समुद्रासारखी निळी रंगवली, खाली फुलांच्या कुंड्या लावल्या. "तुमच्यासाठी एवढं तरी करू द्या की," वरच्या मजल्यावरची मास्तरीण म्हणाली. मावशींना भरून आलं. दर रविवारी त्या बहिणीकडे जायच्या; खिडकीचं तिलाही कौतुकाने सांगून आल्या.

एका रविवारी मात्र लग्नाचा पोशाख तातडीने द्यायचा होता, म्हणून त्या घरीच राहिल्या. पडदा ओढलेला होता. हाताने काठ दुमडत असताना खिडकीखाली पावलं थांबली.

"आणि ही ती निळी खिडकी," दादाचा आवाज आला. "इथे एक बाई बसते. नवरा समुद्रात बुडाला, तरी ती वाट बघते, असं अख्खी गल्ली म्हणते. पण तुम्हाला म्हणून आतली गोष्ट सांगतो. तो बुडालेलाच नाही! मी या डोळ्यांनी पाहिलाय. दुसरीबरोबर टरबूज निवडत होता!"

घोळका खो खो हसला. त्या हसण्यात मास्तरणीचं हसू मावशींनी ओळखलं. कुणीतरी खिडकीचे फोटो काढायला लागलं.

सुई बोटात गेली. पांढऱ्या कापडाला डाग लागू नये म्हणून मावशींनी आधी पोशाख बाजूला ठेवला, मग उठून पडदा सारला.

हसू विरलं.

"खरं आहे ते," मावशी पाहुण्यांना म्हणाल्या. "फक्त मी वाट बघत नाही. कधीच बघितली नाही. ते यांनी पदरचं घातलंय."

पाहुणे खाली मान घालून पांगले. मास्तरीण हळूच जिना चढून गेली. दादा तेवढा उरला.

"ताई, अगं, नाव कुठे घेतलं मी तुझं? लोकांना गोष्ट लागते. गल्ली जगायला नको का?"

"बाकीच्यांना केव्हापासून माहितीये?"

तो खालच्या कुंड्यांकडे बघू लागला.

"खिडकी रंगवली तेव्हा?"

"त्याच्या जरा आधीपासून," तो पुटपुटला. "पण कुणी तुला कधी कमी लेखलं का? उलट सगळ्यांना तुझी माया आहे."

"नवऱ्याने निदान पाठ फिरवून फसवलं, दादा. तू रोज समोर बसून, हसून बोलत केसाने गळा कापलास."

मावशींनी खिडकी लावून घेतली.

मशीन त्यांनी मागच्या खोलीत नेलं. तिथे उजेड कमी, सुईत दोरा ओवायला वेळ लागतो. कुंड्यांना पाणी घालायला मास्तरीण येते, पण दार वाजवायचं तिला धाडस होत नाही. पाव मावशी आता पुलापलीकडून आणतात.

परवा दादाची बायको आली. दारातच उभी राहून म्हणाली, "वन्सं, त्यांनी गल्ली दाखवणं सोडलंय. धड जेवत नाहीत. एकदा बोला ना त्यांच्याशी."

मावशींनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तिचा यात काय दोष?

"त्याला जेवायला घाल, वहिनी," त्या म्हणाल्या. "उपाशी नको राहू देऊस. पण माझ्याकडे बोलायला काही राहिलं नाही. होतं नव्हतं ते सगळं त्याच्याचपाशी ठेवलं होतं."

वहिनी गेल्यावर त्या पुन्हा मशीनवर बसल्या. बराच वेळ पाय पायडलवर तसेच ठेवून.