साखराबाईचा आवाज

मनस्विनीने हेडफोन कानांवर दाबून धरला आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. जात्याची घरघर, बाईचा श्वास, मग ओवी. आणि पहिली ओळ संपता संपता, कुठेतरी वर, एक बारीक ‘टण्’. थोड्या वेळाने आणखी एक. पडद्यावर तो आवाज एका उभ्या रेघेएवढा दिसत होता. ती रेघ पुसून टाकणं म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ होता, आणि तसा विचार मनात आला म्हणून तिने माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.

बाहेर शिकवणीची बॅच सुटली होती. लातूरच्या त्या गल्लीत आता राहती घरं थोडी आणि पोरापोरींची वसतिगृहंच जास्त. खिडकीला दुहेरी काच बसवूनही भौतिकशास्त्राच्या उत्तरांवरून चाललेली भांडणं आत यायची. एरवी ती वैतागली असती. आज तिला फक्त तो टण् ऐकू येत होता.

तो दाखवून दिला होता उदगीरच्या गुरुबसप्पांनी. तिचे जुने गिऱ्हाईक, निवृत्त इंजिनिअर, कान तेल घालून साफ ठेवणारा माणूस. त्यांनी मेलवर लिहिलं होतं: ‘ताई, रागावू नका. हे ध्वनिमुद्रण भूकंपाच्या आधीचं, साखराबाईंच्या घरातलं, असं तुम्ही लिहिता. ती घरं मी पाहिलेली आहेत. दगडाच्या भिंती, वर मातीचं माळवद. मग उन्हात पत्रा तापल्याचा आवाज कुठून येतो? पैसे परत नकोत. खरं काय ते कळवा.’

पैसे परत मागितले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

कारण मनस्विनीचं सगळं दुकान एका शब्दावर चाललं होतं. वडिलांनी, म्हणजे वसंतराव मास्तरांनी, शाळा सांभाळून खेडोपाडी फिरून स्पूलच्या टेपवर गाणी भरून आणली होती. ती टेप जशीच्या तशी, सगळ्यात वरच्या दर्जात संगणकावर उतरवायची आणि इंटरनेटवर विकायची, हा तिचा धंदा. काही चढवायचं नाही, काही घासायचं नाही. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका बड्या कंपनीने साध्या सीडीवरची गाणी फुगवून ‘हाय रिझोल्यूशन’ म्हणून दामदुपटीने विकली, तेव्हा पाणी घातलेल्या दुधाला मलई म्हणू नका, असं तिनेच जाहीर लिहिलं होतं. त्या लेखानंतर लोक तिच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू लागले. आणि ज्या एका ओवीसाठी ते पहिल्यांदा तिच्याकडे येत, ती ही. भूकंपात गेलेल्या बाईचा मागे उरलेला एकुलता एक आवाज. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं उद्या कुणीही म्हणू शकत होतं.

गंमत अशी की फाईल अस्सल होती. टेपवर जे होतं ते कणभरही न सांडता तिने उतरवलं होतं, म्हणून तर तो पत्रा वाजला. कॅसेटच्या खरखरीत तो कधीच बुडून गेला असता.

वसंतराव ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. ती त्यांच्यासमोर पायरीवर बसली.

“बाबा, साखराबाईची ओवी कुठे भरलीत?”

“डब्यावर लिहिलंय की.”

“डब्यावरचं वाचलंय. तुम्हाला विचारतेय.”

वसंतरावांनी हातातली शेंग फोडली, दाणे टरफलांत टाकले आणि टरफल वाटीत. मग ते वाटीकडे बघत राहिले.

“कुणी ओळखलं?”

“पत्रा वाजतोय त्यात.”

“हाव,” ते म्हणाले. “वाजत होता. दुपार होती.”

मग त्यांनी सांगितलं. सावकाश, वर्गात धडा सांगावा तसं.

मास्तरांची एक रीत होती. गाणं भरून घेतलं की टेप ते आपल्या घरी आणत नसत. ज्याचा आवाज, त्याच्या घरी. सुगी झाल्यावर पुन्हा जायचं, घरच्यांना सगळं ऐकवायचं, त्यांनी ‘न्या’ म्हटलं तरच न्यायचं. लोक हसायचे त्यांना. यंत्राशिवाय ती टेप घरात ठेवून बाई काय पापड लाटणार होती? पण मास्तर रीत सोडत नसत. साखराबाईची टेप अशीच तिच्या घरी, धान्याच्या कणगीमागे ठेवलेली होती. सुगी यायच्या आधी भूकंप आला. घर, कणगी, टेप, साखराबाई, तिचा नवरा, सगळं दगडांखाली गेलं. मधोमध झोपलेला पोरगा तेवढा निघाला. प्रेम. तीन-चार वर्षांचा.

“पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं होतं सगळ्यांना. पोरगं जेवायचं नाही. शेडमधल्या एकेका बाईच्या तोंडाकडे बघत फिरायचं. कुणीतरी त्याला सांगून ठेवलं, मास्तरच्या आवाज भरायच्या पेटीत तुझी आई हाय. मी मदतीचे कपडे घेऊन गेलो तर आलं, माझं धोतर धरलं अन् म्हणालं, मास्तर, आई लावा.”

वसंतरावांनी शेंगांची वाटी बाजूला सारली.

“माझ्याकडं काय होतं लावायला? तिथं कोंडाबाई होती, साखराच्या शेजारची. दोघी एकाच जात्यावर समोरासमोर बसायच्या. तिचंही घर रिकामंच झालेलं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, मास्तर, पेटी आणा. साखराचा दम कुठं तुटतो ते मला ठावं हाय. दुसऱ्या दिवशी पोराला जेवणाच्या मांडवाकडं धाडलं. ढिगाऱ्यातून उकरून काढलेलं जातं मांडलं. अन् ती साखरासारखी गायली. मी बटण दाबून बसलो होतो, मनू, पण माझ्या अंगावर काटा आला. मी साखराचं गाणं ऐकलेलं होतं. मेलेली बाई समोर बसून गात होती.”

“आणि प्रेम?”

“ऐकलं. जेवलं. तेव्हापासून तिनंच त्याला वाढवलं. मी त्याला ओवीची कॅसेट करून दिली, ती तो ऐकत राहिला.” वसंतरावांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. “डब्यावरचं खोटं माझं आहे. पण तिचं पुढचं ऐक. कोंडाबाई त्या दिवसानंतर पुन्हा गायली नाही. लग्नात हळदीला नाही, पौर्णिमेला विहारात नाही, जात्यावरही नाही. घसा बसला, आवाज गेला, असं सांगून टाकलं गावाला. पोरानं ओळखू नये म्हणून. आणि माझ्याकडून शब्द घेतला.”

गल्लीत पोरांचा गलका चालूच होता. मनस्विनी पायरीवरून उठली नाही. वडिलांवर रागवायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही. ती त्या बाईचा विचार करत होती, जिच्या गळ्यात असा आवाज होता आणि जिने तो एका पोराच्या जेवणासाठी आयुष्यभर मिटून ठेवला. आपण एक लेख लिहून खरेपणाची केवढी पाटी लावली, असं तिला वाटलं, आणि तिला अगदी लहान झाल्यासारखं झालं.

पण नवल वाटून प्रश्न सुटत नव्हता. खोट्या नावाने ती ओवी विकता येत नव्हती. खरं लिहिलं तर प्रेमची आई दुसऱ्यांदा जाणार होती. प्रेम आता लातुरातच एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत होता. मनस्विनीने ती फाईल त्याला पहिल्यांदा ऐकवली होती तेव्हा तो डोळे मिटून बसला होता आणि जाताना तिच्या पाया पडला होता. ते आठवलं तसा तिने संगणक उघडला, साखराबाईचं पान दुकानातून काढून टाकलं आणि गुरुबसप्पांना लिहिलं, ‘तुमचे कान बरोबर आहेत. मला थोडा वेळ द्या.’

त्याच आठवड्यात प्रेम घरी आला. बाह्या खडूने माखलेल्या होत्या.

“ताई, आईची ओवी दिसत न्हाई तुमच्या दुकानात.”

“हो. थोडी अडचण होती. दर्जाची.”

“दर्जाची?”

“म्हणजे... मागे एक आवाज येतोय.”

प्रेम स्टुलावर बसला. रुमालाने हात पुसले, एकेक बोट निरखून.

“पत्र्याचा ना?” तो म्हणाला.

मनस्विनी खुर्ची मागे सरकवून बसली.

“आम्ही पत्र्यातच राहिलो ताई, नवं गाव होईस्तोवर. दुपारी पत्रा कसा वाजतो, संध्याकाळी निवताना कसा वाजतो, झोपेतही सांगीन. कॅसेटवर कधी कळलं न्हाई. तुमच्या हेडफोनवर पहिल्यांदा ऐकलं, त्याच दिवशी कळलं. आई तर कधी पत्र्याखाली राहिलीच न्हवती.”

“मग तू बोलला का नाहीस?”

“काय बोलू? लहानपणापासून बघतो, मावशी कुठंच गात न्हाई. बाया ओढून नेतात, ती घशावर हात ठेवते. ती का गात न्हाई ते मला ह्याच स्टुलावर बसून कळलं. म्हणून तुमच्या पाया पडलो. तुमच्या न्हाई खरं, तिच्या. तिनं इतकी वर्षं सांभाळलं ते मी एका वाक्यात मोडू कसं?” त्याने रुमालाची घडी घातली. “पण आता तुम्ही काढूनच टाकलं म्हणता. मग तिचं नावही न्हाई अन् आईचंही न्हाई. हे काही बरोबर न्हाई.”

ओसरीवरून वसंतराव म्हणाले, “मी शब्द दिलेला आहे, प्रेम.”

“तुम्ही पाळला, सर. मी कुणाला शब्द दिलेला न्हाई.”

औशाच्या पुढे, नव्या गावात, सरकारी मापाच्या सारख्या घरांच्या ओळीत कोंडाबाईचं घर होतं. ती दारात तूर पाखडत बसली होती. अंगाने वाळलेली, पण पाठ ताठ. प्रेमबरोबर मास्तरची लेक आलेली पाहून तिने सूप खाली ठेवलं. चहाचं विचारलं. मग तिने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं.

“मावशी,” प्रेम म्हणाला, “मास्तरच्या पेटीत तू हायस. मला ठावं हाय.”

कोंडाबाईने पदर सारखा केला.

“मास्तर बोलला?”

“न्हाई. पत्रा वाजला त्यात.”

“पत्रा,” ती म्हणाली. ती सुपातली तूर बोटाने इकडची तिकडे करत राहिली. “मेल्यानं इतक्या वर्सांनी चुगली केली व्हय. कवा कळलं तुला?”

“लई दिवस झाले.”

“अन् गप बसलास?”

“तुझ्याकडूनच शिकलो.”

तिने हात लांब करून त्याच्या बाहीवरचा खडू झटकला, शाळेत जाणाऱ्या पोराचा झटकावा तसा.

इथवर येताना मनस्विनीने वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तिला आठवेना.

“कोंडाबाई, लोकांना खरं सांगावं लागेल मला. तुमचं नाव लिहू का? तुम्ही नाही म्हणालात तर ही ओवी मी कधीच विकणार नाही.”

“लिव्ह की. आता कुणापासून झाकायचं?” कोंडाबाईने सूप पुन्हा उचललं आणि तसंच धरून ठेवलं. “पर लिव्हणार तर पुरतं लिव्ह. पहिली ओळ साखराचीच हाय, तंतोतंत. दुसरी न्हाई. ती फसवणूक हाय.”

“म्हणजे?” प्रेमने विचारलं.

“साखरा दुसरी ओळ लई वर न्यायची. मला तिथं कवाच जमलं न्हाई. त्या दिशी बी न्हाई जमलं. मग म्या खालूनच घेतली. तुला कुठं ठावं व्हतं, तू लहान. मास्तरला कळलं असंल, तो बी बोलला न्हाई.”

आयुष्यभर प्रेम ती दुसरी ओळ ऐकत आला होता. मग तो उंबऱ्याखाली, तिच्या समोर, जमिनीवर बसला.

“कशी न्यायची?”

कोंडाबाईने सूप बाजूला ठेवलं. जात्याचा खुंटा धरावा तशी उजव्या हाताची मूठ वळली, आणि ती गायली. आवाज जाडाभरडा होता, वापरात नसलेल्या दारासारखा अडकत होता, आणि ती साखराबाईची नक्कल नव्हती. तो पहिल्यांदाच ऐकू येणारा एक आवाज होता.

*पांढऱ्या पिठामंदी बोटानं नाव लिहिते,
बाळ माझं वाचंल, वाट मी त्याची पाहिते.*

‘वाट’ला आवाज चढू लागला, चढला आणि अडला. तिने पुन्हा श्वास घेतला. तो पुन्हा तिथेच अडला. तेव्हा तिने मूठ उघडली आणि तळवा छातीपासून वर न्यायला सुरुवात केली. गळ्यापर्यंत, कपाळापर्यंत. शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. कोंडाबाईचा हात डोक्याच्या वर जाऊन थांबला.

प्रेम मान वर करून त्या हाताकडे बघत होता.

“इथवर?” त्याने विचारलं.

“न्हाई रे,” कोंडाबाई म्हणाली. “आणिक वर.”