तीन दिवस आधी

वैदेहीने पहिलीच्या प्रवेशाचा अर्ज सही न करताच टेबलावरून मागे सरकवला.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. "दुर्गाच्या वयाची काहीच अडचण नाही. एकतीस डिसेंबरच्या आत सहा पूर्ण हवीत. तिचा जन्म अठ्ठावीसचा. तीन दिवसांच्या फरकाने का होईना, बसतेय नियमात."

"नियमाला अडचण नसेल. मला आहे."

खुर्चीआड उभी दुर्गा गणवेशाची कॉलर चघळत होती. मोठ्या शिशूत गेल्यापासून तिच्या तीन कॉलरी विरल्या होत्या. वर्गात नाव पुकारलं की ती अजूनही डोळे घट्ट मिटून घ्यायची. म्हणजे मग आपण कोणाला दिसत नाही.

"अगो, सगळीच पोरं रडतात सुरुवातीला," शेजारी बसलेले सासरे, जयवंत, म्हणाले. "करी रोडच्या आपल्या अख्ख्या बिल्डिंगीत कोणी पोर मागे ठेवलंय? वर्ष फुकट जाईल तिचं."

"हेच वर्ष वाचवायला तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात, बाबा."

 डॉक्टरांनी बाळंतपणाची दिलेली तारीख होती पंधरा जानेवारी. 'नाहीतरी सिझेरियनच करायचंय, तर डिसेंबरात उरकून घ्या, शाळेचं वर्ष वाचेल,' असं सांगून अठ्ठावीस तारीख जयवंतांनीच ठरवून आणली होती.

"ऑपरेशनच्या कागदावर सही तुझीच होती," ते पुटपुटले.

"होती. म्हणून तर आज करत नाही. एकदा घाईने बाहेर काढलंय तिला. आता नाही."

"मग जागा दुसऱ्याला जाईल," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीची हमी आम्ही देत नाही. तसं लिहून द्यावं लागेल."

"द्या कागद."

तिने उभ्याउभ्याच चार ओळी लिहिल्या आणि खाली ठसठशीत सही केली.

जिन्याशी आल्यावर जयवंत सवयीने वाकले. दुर्गा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरायची. फार वेळ जायचा, म्हणून रोज ते तिला उचलूनच घ्यायचे.

"उतरू द्या तिला," वैदेही म्हणाली.

त्यांचे हात क्षणभर तसेच पुढे राहिले. मग ते दोन पायऱ्या खाली गेले आणि कठडा धरून उभे राहिले. दुर्गाने एक पाय खाली टाकला. तिच्या मागे दोन-तीन पालक खोळंबले. एकाने घड्याळ पाहिलं.

"जरा थांबा हो," जयवंत त्याच्यावर खेकसले. "पोर उतरतेय."