तिसऱ्या अंकातली कुजबूज

आमच्या नाटकात प्रधान राजाचे कान भरतो आणि राजा आपल्याच सेनापतीला हाकलून देतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. राजा माझे बाबा. सेनापती त्यांचे जिवलग मित्र, ज्यांना पडद्यामागेही सगळे सेनापतीकाकाच म्हणतात. प्रधान माझा नवरा. राणी मी. सिंहासनाशेजारी उभं राहायचं आणि पाय दुखले तरी राणीसारखं दिसायचं, एवढंच माझं काम.

बाबा आणि माझा नवरा एकमेकांशी बोलत नाहीत. आमच्या लग्नापासूनचा अबोला आहे. निरोप माझ्यामार्फत जातात. "तुझ्या वडिलांना सांग, दाढी नीट चिकटवा." "तुझ्या नवऱ्याला सांग, स्वतःची बघ." या दोघांच्या मधे मी पार पिचून गेलेय.

या हंगामानंतर बाबा नाटक कंपनी काकांच्या हाती सोपवणार होते आणि काकांनंतर ती माझी, असं ठरलं होतं. माझ्या नवऱ्याचं नाव त्यात कुठेच नव्हतं. पण परवा प्रयोग संपल्यावर बाबांनी मुकुटही न काढता काकांना गाठलं.

"मी संवाद विसरतो म्हणून गावभर सांगत फिरतोस?"

"कोण म्हणतं?"

"तू म्हणतोस. चल, नीघ इथून."

काका भांडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी तलवार कोपऱ्यात टेकवली आणि जाता जाता मला म्हणाले, "पोरी, त्याचं पाठांतर घेत जा गं."

बाबा हल्ली कुणाकडे जात नाहीत, येत नाहीत. मग हे त्यांना सांगितलं कुणी? विचार करता करता डोक्यात प्रकाश पडला. तिसऱ्या अंकात प्रधान राजाच्या कानाला लागतो. ते प्रेक्षकांना ऐकू जायचं नसतं, म्हणून संहितेत तिथे वाक्यच नाही. आधीचे प्रधान तिथे "मिशी सुटतेय" असलं काहीबाही पुटपुटायचे आणि हसू आवरताना बाबांच्या नाकीनऊ यायचे. हल्ली बाबा तिथे खरोखर थरथरतात, आणि लोक टाळ्या वाजवतात.

बाबा चेहऱ्यावरचा रंग पुसत होते, तेव्हा मी सरळ विषयालाच हात घातला. "तुमचा जावई स्टेजवर तुमचे कान भरतोय. नाटकातल्यासारखेच."

"नाटकात तो बोलतो ते खोटं असतं. लिहिलेलं असतं ते," बाबा म्हणाले. "हे संहितेत नाहीये."

"म्हणून खरं?"

"जन्मभर दुसऱ्याचं लिहिलेलं ऐकत आलोय मी. न लिहिलेलं बरोबर कळतं मला."

मी कपाळावर हात मारला. दुसरं करणार काय?

घरी नवरा शर्टाला इस्त्री करत होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "अगं, मी फक्त तब्येत विचारतो. सासरे-जावयाचा अबोला सुटतोय, याचा तुला आनंद नाही?"

"मी बाबांना सगळं सांगितलंय."

त्याची इस्त्री जरा थांबली. "बरं केलंस," तो म्हणाला, आणि कॉलर उलटी करून पुन्हा फिरवायला लागला.

आज सेनापतीच्या जागी कुणीतरी नवखा उभा होता. तिसरा अंक आला. प्रधान वाकला आणि बाबांच्या कानाला लागला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. इथे राजाने दाराशी उभ्या असलेल्या सेनापतीकडे बघायचं असतं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. काकांना हाकललं तेव्हाही त्यांची नजर अशीच होती.

टाळ्या पडल्या. पुढचं वाक्य माझं होतं. "महाराज, मी तुमचीच आहे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ते अगदी मनापासून म्हटलं. बाबांनी तोंड फिरवलं. माझं वाक्य संहितेत होतं ना!