दारापासून तिसरं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. शपथेवर सांगतो, यात अक्षरही खोटं नाही. ओहायोतल्या या बर्गरच्या दुकानात, दारापासून तिसऱ्या जागी, मी अगदी पहिल्या दिवसापासून आहे. म्हणजे दुसऱ्या. पहिल्या दिवशी मी गोदामातच राहिलो होतो.

माणूस मला चेहऱ्यावरून नाही, बुडावरून कळतो. आणि तिथून पाहिल्यावर मत फारसं चांगलं होत नाही.

आमच्याकडे स्टुलं बारा, टेबल एकही नाही. खाणाऱ्याच्या मागे उभं राहून त्याच्या मानेवर उसासे टाकायचे, तो उठला की बसायचं. जागा कुणासाठी राखायची नाही, हा मालकीण रोझलिनच्या वडिलांचा नियम. आणि मिळतं काय? कांद्यासकट तव्यावर चेपलेली मांसाची पातळ चकती आणि साधा पाव! एका वर्तमानपत्राने या बर्गरची तारीफ केली, तेव्हापासून लांबलांबचे शहाणे तासतास ताटकळतात. बर्गर आधी फोनला दाखवतात, मग गार झालेला गिळतात.

ड्वेन हा निवृत्त पोस्टमन. चाळीस वर्षं दर शनिवारी दुपारी तो माझ्यावर बसायचा. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तासभर उभं राहणं संपलं. त्या शनिवारी तो काठी टेकत आला, तर माझ्यावर शिकागोचा एक गडी पसरलेला.

"रोझलिन, उठव की त्याला."

"नियम म्हणजे नियम, ड्वेन. बाबांनी तर तुलाच आधी बाहेर काढलं असतं."

"तुझ्या बाबांचे गुडघे धड होते!"

गडी वळला. "काका, खरंच इतक्या लांब येण्यासारखं आहे का हो हे?"

"छे! बेचव आहे. उठा, घरी जा."

"मग तुम्ही का येता?"

"माझं घर जवळ आहे!"

गडी खो खो हसला आणि त्याने वर अ‍ॅपल पाय, म्हणजे सफरचंद भरलेला गोड पदार्थ, मागवला. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी अशी गिरकी घेतली, की गडी थेट दारात जाऊन पडला. ड्वेन ऐटीत बसला.

ही गिरकी तेवढी मी रचली. मी जमिनीला चार बोल्टांनी जखडलेला. गडी टेचात अ‍ॅपल पाय खात राहिला. ड्वेन दहा मिनिटं उभा राहिला, मग कागदात गुंडाळलेला बर्गर घेऊन समोर आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काचेतून आमच्याकडे बघत त्याने तो खाल्ला. आता दर शनिवारी तिथेच खातो.

तुम्ही याल, ठाऊक आहे. या. फक्त खाऊन झालं की उठा.