इंजिनावरचा एल्बो

भूपेंद्रने पाइपला दोन्ही हातांनी पीळ दिला आणि आतून कट्टकन आवाज आला.

हात तिथेच थांबले. पाइप सुटला होता, पण त्याच्या तोंडात एल्बोचा करंगळीएवढा तुकडाही निघून आला होता. इंजिनातलं उकळतं पाणी ज्या वाकड्या तोटीतून रेडिएटरकडे जातं, तो हा काळ्या प्लास्टिकचा एल्बो. वीस वर्षं तापून तापून त्याचं पार बिस्कीट झालं होतं. अशा एल्बोवरचा पाइप पिळायचा नसतो, ब्लेडने उभा चिरून सोलून काढायचा असतो. ही अक्कल भूपेंद्र लिंबायत भागातल्या साऱ्या मेकॅनिकांना शिकवायचा, आणि आज पाइप वाचवायच्या नादात स्वतःच एल्बो घालवून बसला होता.

त्याने हळूच मागे पाहिलं. दगाआप्पा दाराशी स्टुलावर बसून बशीत चहा ओतत होते. रस्त्यावरून रिक्षा धडधडत होत्या, समोरच्या कारखान्यात माग खडखडत होते. एवढ्या गलक्यात ऐकू गेलं नसावं. नसावंच.

"कितला टाइम लागी, भूपा?" आप्पांनी विचारलं.

"व्हई जाई, आप्पा. तीनपर्यंत मोकळे."

आणि तुकडा त्याने खिशात टाकला.

एरवी असं काही झालं की त्याचं उत्तर तयार असे. जुनं प्लास्टिक होतं, हात लावताच गेलं! गिऱ्हाईक मुकाट्याने मान डोलवी. पण आप्पा गिऱ्हाईक नव्हते. ते कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते तेव्हा भूपेंद्रला पाना कसा धरतात ते त्यांनी शिकवलं होतं. पुढे माग सोडून गॅरेज टाकायचं ठरल्यावर ही खोली मिळावी म्हणून मालकाच्या दारात चार खेपाही त्यांनीच घातल्या होत्या. सहा वर्षांपूर्वी ते साक्रीकडे आपल्या गावी परतले. काल इथेच सासरी असलेल्या लेकीला, सुवर्णाला, पहिल्या बाळंतपणासाठी न्यायला स्वतःची गाडी घेऊन आले, तर पलसाण्यापाशी गाडी उकळली. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी तडकली होती, तिला जोडलेली पाण्याची बाटलीही गळत होती. वाटेत दहा गॅरेज होती, पण आप्पांनी गाडी दोरीने ओढत इथवर आणली.

"आगगाडीनं नेता आली असती," सकाळी ते म्हणाले होते, "पण पोर बापानी गाडीमा बसून माहेरी येई, एवढी हौस रे. आणि आजच निघायचं बरं का. उद्या अमावास्या. तिची सासू पाय बाहेर काढू द्यायची नाही."

भूपेंद्र मागच्या बोळात गेला आणि त्याने स्पेअरपार्टवाल्या मगनभाईला फोन लावला.

"एल्बो तो काले आवशे, भूपेंद्रभाई. आजे नथी."

आणखी दोन दुकानं झाली. तिथेही उद्याचाच वायदा. आता आप्पांना काय सांगायचं? की टाकी आणि बाटली तुमच्या नशिबाने फुटली, पण एल्बो मी फोडला आणि तुमची हौस मी बुडवली? मग त्याने तेच केलं जे करायला नको होतं. दोन ट्यूबांतली इपॉक्सी मिसळली, तुकडा एल्बोला डकवला, वरून जाड थर दिला. आप्पांकडे पाठ करून, शाळेत कॉपी करणाऱ्या पोरासारखा.

साडेबाराला आप्पा उठले. क्षणभर त्याच्या मागे उभे राहिले. भूपेंद्रने अंग आडवं घालून इंजिन झाकलं.

"काही लागतं का भूपा? काही सांगणं?"

"काही नाही, आप्पा. तुम्ही जेवी या."

"बरं. सुवर्णाकडे जेवतो."

दुपारी दोनला इपॉक्सी दगडासारखी झाली. भूपेंद्रने सकाळी आणलेला नवा रेडिएटर आणि बाटली बसवली, पाइप चढवला, क्लॅम्प आवळला, कूलंट भरलं आणि इंजिन चालू केलं. काटा चढू लागला. पाव. अर्धा. अर्ध्याच्याही वर. पंखा काही सुरू होईना. आणि मग पंखा भर्रकन फिरला, काटा खाली आला. त्याने एल्बोखाली कोरडं बोट फिरवलं. एक थेंब नाही! त्याला हसूच आलं. धरलं की, चांगलं धरलं.

पण हसू टिकलं नाही. आजवर फुटक्या टाकीतून थोडी थोडी वाफ निसटत होती, म्हणून हा म्हातारा एल्बो तगून होता. आता रेडिएटर नवा, बाटली नवी, झाकण नवं. सगळा दाब आत कोंडणार आणि जिथे कच्चं तिथूनच बाहेर पडणार. इथे सावलीत उभ्या गाडीला काय होतंय? पण वाटेतला कोंडाईबारीचा घाट, तापलेलं इंजिन, मागच्या सीटवर पोटुशी सुवर्णा आणि डिकीत तिच्या बॅगा. भूपेंद्रने इंजिन बंद केलं आणि तो तिथेच मडगार्डला टेकून राहिला. सांगावं तर तोंड काळं, न सांगावं तर त्याहून काळं.

तीनला आप्पा आले. आत बसले, किल्ली फिरवली, काच खाली केली.

"निघू मग?"

भूपेंद्रने बॉनेट खाली घ्यायला हात वर नेला आणि तो हात वरच राहिला.

"बंद करा, आप्पा."

"काय व्हयनं?"

"बंद करा आधी."

इंजिन थांबलं. भूपेंद्र खिडकीशी आला. नजर मात्र वर होईना.

"एल्बो फुटला. म्हणजे, मी फोडला. घाईत पाइप पिळला. आज कुठेच मिळत नाही म्हणून चिकटवून ठेवला. घाटात टिकायचा नाही तो. सुवर्णाताईला यात बसवू नका, आप्पा. मी दुसरी गाडी बघतो, मी स्वतः सोडतो तिला."

आप्पांनी हात स्टिअरिंगवरून खाली घेतले.

"कधी फुटना?"

"अकराला."

"हां," आप्पा म्हणाले. "माले आवाज उना व्हता."

भूपेंद्रचा चेहरा खर्रकन उतरला. आता कुठे त्याचं लक्ष मागच्या सीटवर गेलं. सुवर्णा बॅगा घेऊन इथूनच बसणार होती, पण तिथे कोणी नव्हतं. दाराशीही कोणी उभं नव्हतं.

"ताई कुठे आहे?"

"तिले दीडनी आगगाडीमा बसाडी उनू. उधना स्टेशनवरून. सासू शे सोबत. नंदुरबारला तिचा भाऊ किरण येईल उतरवून घ्यायला."

दीड वाजता भूपेंद्र इपॉक्सी वाळली का ते बोट लावून बघत होता.

"मी बोललोच नसतो," शेवटी तो म्हणाला, "तर हीच गाडी घेऊन निघाले असते तुम्ही?"

आप्पांनी किल्ली काढून त्याच्या तेलकट तळहातावर ठेवली.

"निंघी जातू," ते म्हणाले. "एकलाच व्हतू ना."