ऑगस्ट शहात्तरची कॅसेट

मोरेश्वर सकाळपासून धास्तावले होते. आज वॉल्टरच्या परसात जमायचं होतं, शुभाची सांगायची वेळ येणार होती आणि शुभा चारचौघांत आपलीच गोष्ट विसरणार होती. याची त्यांना खात्रीच होती.

जमायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. सिकॅमोर जंक्शन नावाचा एक बँड होता. सत्तरच्या दशकातला. गिटार, बँजो, फिडल, आणि गाणी सगळी धुळीची, ट्रकवाल्यांची, सोडून गेलेल्या बायकांची. एक्क्याऐंशी साली भांडून फुटला. पण त्याच्यावर जीव टाकणारी माणसं काही फुटली नाहीत. दर ऑगस्टमध्ये कॅरी गावात, वॉल्टर नावाच्या निवृत्त पोस्टमनच्या घरामागे वीस-बावीस डोकी जमायची, कणसं भाजायची, जुन्या रेकॉर्डी लावायची. आणि रिवाज असा, की प्रत्येकानं उभं राहून आपली एक आठवण सांगायची. दर वर्षी तीच! नवी काढलीत तर लोक चक्क ओरडायचे. पोरं झोपताना तीच गोष्ट पुन्हा मागतात ना, तसला हट्ट. साठी उलटलेल्यांचा.

शुभाची आठवण सगळ्यांत लाडकी. लग्नाला तीन महिने झालेले, पुण्याहून परदेशात येऊन जेमतेम सहा आठवडे. ग्रीन्सबरोजवळच्या माळावर सिकॅमोरचा कार्यक्रम, दहा हजारांची गर्दी, आणि त्यात हिरव्या साडीतली शुभा हरवली. मोरेश्वरांनी तिला शोधून काढली. एवढीच गोष्ट, पण ती सांगायची मात्र अशी झोकात की बघत राहावं.

यंदा कुठला झोक? जूनपासून घरात काहीतरी बिनसलं होतं. मोरेश्वर जन्मभर कापडगिरणीत इंजिनिअर. नोंद केल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. त्यांनी एक निळी वही केली आणि ती कपाटात स्वेटरांखाली लपवली. ‘१२ जून. सकाळच्या चहाचं आधण आटून भांडं जळलं. बर्नर चालूच.’ ‘३ जुलै. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये, दह्याशेजारी.’ ‘१९ जुलै. ऋताशी फोन. तेच दोनदा विचारलं. पोरगी चिडली.’ शुभाच्या आईचं शेवटी असंच झालं होतं. पोटच्या लेकीला ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारायची ती बाई.  मोरेश्वरांनी मेंदूच्या डॉक्टरची सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली होती, शुभाच्या नावानं. तिला अजून सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार?

आजच्यापुरती मात्र त्यांनी तजवीज केली होती. त्या काळी भारतात फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल, तासन्‌तास ताटकळणं. म्हणून ही मंडळी कॅसेटवर बोलायची आणि कॅसेट पोस्टानं घरी पाठवायची. पुण्यात मोरेश्वरांची आई अख्खी आळी गोळा करून ऐकायची. आई गेल्यावर धाकट्या भावानं, त्र्यंबकनं, त्या सगळ्या कॅसेट पिशवीत भरून इकडे आणून दिल्या. गेल्या आठवड्यात मोरेश्वरांना त्यातली एक सापडली. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘आईस. ऑगस्ट ७६. गाण्याचा कार्यक्रम.’ शुभा अडखळली की ही लावायची, लोक हसतील, वेळ निभावून जाईल. त्यांनी ती आधी ऐकली नव्हती. ऐकायची काय गरज? आपणच तर बोललो होतो.

दुपारी दोनला निघाले. शुभा कधी गाडी शिकलीच नाही, तेव्हा चालवायला मोरेश्वरच. वॉल्टरकडे जायचा एक्झिट चुकला, पुढे जाऊन वळून यावं लागलं.

“तू बोलत होतीस ना, म्हणून चुकला,” ते म्हणाले.

शुभा खिडकीबाहेर बघत राहिली. घरापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

फाटकाशीच अतुल भेटला. हा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला, चार वर्षांपासून या म्हाताऱ्यांत रमलेला. “काकू, उखाणा रेडी ना? या वेळी मी पण जोरात म्हणणार आहे.”

“कसला उखाणा रे?” मोरेश्वर म्हणाले. “इथे काय मंगळागौर आहे?”

“काय काका, तुम्ही पण ना!” अतुल खो खो हसत कणसांकडे गेला. शुभा हसली नाही. तिनं मोरेश्वरांचा दंड धरला आणि खुर्चीपर्यंत सोडला नाही. बघा, गर्दीत आता एकटी चालायलाही भितेय, मोरेश्वरांना वाटलं.

एकेक जण उठून सांगत होता. कुणाला बँजोवाल्यानं खांद्यावर बसवलेलं, कुणाचं लग्न त्यांच्या गाण्यावर ठरलेलं. मोरेश्वरांच्या कानांत काही शिरत नव्हतं. पायांशी ठेवलेला टेपरेकॉर्डर ते पुन्हा पुन्हा चाचपत होते. मग वॉल्टर ओरडला, “शुभा!” आणि टाळ्या पडल्या.

शुभा उठली. पदर खोचला. इंग्रजीत सुरुवात केली, छान, खणखणीत. माळ, ऊन, हिरवी साडी. मोरेश्वर एकेक शब्द मनात पुढे ढकलत होते.

“आणि मी वळून बघते,” शुभा म्हणाली, “तर माझा नवरा हरवलेला!”

मोरेश्वरांनी टेपरेकॉर्डरवर हात ठेवला. झालं. गेलं.

शुभा सांगतच होती. ती रडत बसली नाही. गर्दीतून थेट स्टेजपाशी गेली, गाणाऱ्यानं वाकून विचारलं, नाव काय त्याचं? आता आली का पंचाईत! तीन महिन्यांची नवी नवरी, नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलेलं नाही. मग त्यानं माइक पुढे केला आणि तिनं दहा हजार माणसांसमोर उखाणा घेतला.

“परक्या मुलखात गर्दी अफाट,” शुभा म्हणाली. आणि अख्खं परस, अतुलसकट, वॉल्टरसकट, दोन गोऱ्या आज्यांसकट, एका सुरात गरजलं, “मोरेश्वरराव, स्टेजपाशी पाहते तुमची वाट!”

सगळ्यांना पाठ होतं. एकट्या मोरेश्वरांनी ते जन्मात ऐकलं नव्हतं.

 मग त्यांना उलगडा झाला. बिचारी चांगली माणसं! तिची अवस्था कळलीय सगळ्यांना, तिला सांभाळून घेतायत. पण खोटं सांभाळून कसं चालेल? ते उठले. “शुभा, अगं, असं नाही ते. तू हरवली होतीस. मी शोधलं तुला.”

टाळ्या थांबल्या. वॉल्टर दोघांकडे आळीपाळीनं बघायला लागला. अतुल हळूच म्हणाला, “काका, बसा ना. दर वर्षी काकू असंच सांगतात.”

“दर वर्षी? अरे, माझ्याकडे पुरावा आहे!” त्यांनी वाकून टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं.

खरखर झाली. मग एक तरणा, उत्साहानं फुटणारा आवाज अंगणभर पसरला. “आई, मी मोरेश्वर बोलतोय. तुझ्या सुनेनं काय प्रताप केला ऐक! अगं, मी हरवलो. चांगला तासभर! इतका घाबरलो, काही म्हणता काही सुचेना. आणि एकदम लाउडस्पीकरवरनं मराठी! उखाणा गं, आई! त्या आवाजाच्या दिशेनं चालत सुटलो. ही नसती तर मी आज घरी आलो नसतो…”

गोऱ्या मंडळींना शब्द कळत नव्हते, ती हसऱ्या तोंडानं वाट बघत होती. “काय म्हणतोय तो?” वॉल्टरनं विचारलं. अतुलनं भाषांतर केलं नाही.

मोरेश्वर मटकन खुर्चीत बसले. वही डोळ्यांपुढे पानापानानं उलटायला लागली. किल्ली फ्रीजमध्ये. शुभा तर गाडी चालवत नाही. सकाळचा चहा. लग्नापासून सकाळचा चहा कोण करतं? ऋता कुणावर चिडली होती? एवढं भय त्यांना त्या माळावरही वाटलं नसेल. वाटलं होतं की नाही, तेही आता आठवत नव्हतं.

शुभा त्यांच्यासमोर गवतात बसली, त्यांच्या गुडघ्यांवर हात ठेवून. “ती वही मी वाचलीय, डॉक्टरची वेळ लिहिलीय तीसुद्धा,” ती मराठीत म्हणाली. “मेपासून बर्नर मीच बंद करतेय. सांगायचा धीर होत नव्हता हो. सोमवारी जाऊ आपण. नाव तेवढं बदलून घेऊ.”

“शुभा, मला फार भीती वाटतेय.”

“मलाही वाटतेय. तुम्ही फक्त जागचे हलू नका. हाक मारायचं मी बघते.”

“आणि तू हाक मारलीस,” मोरेश्वर लहान मुलासारखे तिच्याकडे बघत म्हणाले, “पण ते नाव माझं आहे हेच मला कळलं नाही, तर?”

  शुभानं डोळे पुसले, टेपरेकॉर्डर मांडीवर ओढला आणि कॅसेट उलटी फिरवून पार सुरुवातीला नेली. मग बटण दाबलं.

“आई, मी मोरेश्वर बोलतोय.”

तिनं पुन्हा मागे नेली. पुन्हा लावली.