रुमालाखालचा चित्रगुप्त

या मायबापहो, सरकून बसा. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. घोडेगावच्या बैलबाजारात त्र्याहत्तर साली देव पत्र्याच्या पेटीत शिरला होता, त्याची गोष्ट सांगतो.

बाजारात त्या दिवशी बैलांभोवती कमी आणि पेटीभोवती जास्त गर्दी. तांबडा दिवा लुकलुकला की बाया हात जोडत. "विलायतेत याला कॉम्प्युटर म्हनत्यात, आपल्यात चित्रगुप्त!" पेटीचे धनी यंत्रमहाराज भोकं पाडलेलं जाड कार्ड नाचवत गर्जत होते. "येक भोक म्हंजे मागल्या जन्मीचं येक पाप!"

गर्दीत गोरक्षनाथ उभा होता. मुंबईला विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणारा, पंचक्रोशीतला पहिलाच. बहीण मुक्ताच्या लग्नासाठी आलेला. लग्न आठ दिवसांवर, आणि व्याही उत्तमराव अडून बसलेले, "यंत्राला इचारल्याबिगर न्हाई. गोरक्षा, यंत्र कदी चुकत न्हाई, हे तूच म्हनला हुतास ना?"

म्हणाला होता. दिवाळीत, पारावर बसून, ऐटीत. कॉम्प्युटरला हुकूम द्यायला भोकं पाडतात, त्या कार्डांचा वाया गेलेला गठ्ठाही 'माझं काम' म्हणून गावात वाटला होता. आई छबूबाईनं त्यातलं एक देव्हाऱ्यात ठेवलं. वर्षभरात आपला एकही प्रोग्रॅम धड चालला नाही, आपण नापास झालो, हे मात्र त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

श्रीमंत नावाचा महाराजांचा चेला रांगेतल्या माणसांशी गोड बोलून घरची सगळी हकीकत काढून घेई. मग 'शक्ती देतो' म्हणत रुमालाखाली महाराजांचा हात धरी. दिवा पेटे, महाराज पेटीत हात घालत, कार्ड बाहेर येई.

उत्तमरावांचं कार्ड आलं. "पोरगी सासऱ्याला बाधक! शांती करा, न्हाईतर सोयरीक मोडा!"

उत्तमराव ताडकन उठले. "मोडली!"

आईबरोबर शेजारीच उभ्या असलेल्या मुक्तानं भावाकडे पाहिलं. "दादा, तुजं यंत्र असं म्हनतं व्हय?"

त्या कार्डाच्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीची फुली होती. खाली गोरक्षनाथाचा रोल नंबर. त्यानं तोंड उघडलं तर बहिणीचं लग्न वाचणार होतं, पण त्याची इज्जत जाणार होती.

"ते कार्ड माजं हाय," तो म्हणाला.

"पुण्यवान हाईस, बाळा!" महाराज म्हणाले.

"चुकलेलं हाय. दिवाळीला मीच वाटलं, तिथनं ह्यांच्या हाती लागलं. ती फुलीबी मीच मारली. ह्यात कुनाची पापं न्हाईत, माज्या चुका हायत. मी... नापास झालोय."

"मंग मुंबईत म्हशी वळत हुतास काय?" कोणीतरी ओरडलं. बाजार खदखदून हसला. गोरक्षनाथाचे कान तापले, पण तो पुढे झाला. "यंत्र सांगितलेलंच करतं. ह्या पेटीला कोन सांगतं ते बगा." महाराजांचा एक हात अजून रुमालाखालीच होता. गोरक्षनाथानं रुमाल ओढला.

महाराजांची तीन बोटं श्रीमंताच्या मुठीत!

जुने व्यापारी काकासाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "आरं, रुमालाखाली बोटं दाबून बैलाचा भाव तर आपन रोज करतो! न् आपल्यालाच दिसलं न्हाई?"

पेटी उलटी केली. आत तीन कप्पे. एका बोटाला शुभ, दोन बोटांना 'थांबा', तीन बोटांना शांती. दिव्याला टॉर्चचे दोन सेल, आणि बटण महाराजांच्या अंगठ्याखाली. पायाच्या.

उत्तमराव मुक्तापुढे मान घालून उभे राहिले. "चुकलो, पोरी. माज्या घरी ये."

छबूबाई लेकाला एवढंच म्हणाली, "नापास झालास ह्याचं काय न्हाई. पन तुजी बढाई आमी खरी मानली, म्हनून त्या म्हाराजाचं फावलं की रं."

लग्न झालं. अक्षता टाकताना गोरक्षनाथाची नजर जमिनीवरच होती.

मायबापहो, विठ्ठलाचं नाव जरूर घ्या. पण त्यानंच दिलेली बुद्धी बाजूला ठेवून कुणापुढे हात जोडू नका. आधी विचारा, हे घडतं कसं? आणि एक मागणं आहे. भर बाजारात 'मी नापास झालोय' म्हणणाऱ्या त्या पोराची तेवढी आठवण ठेवा.